नर्स प्रॅक्टिशनर झालात, आता नेमणूकपत्र नीट वाचा

पदवीवर लिहिलेलं असतं ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’, म्हणजे अतिदक्षतेतलं वरच्या पातळीचं काम शिकलेली परिचारिका, आणि नेमणूकपत्रावर ‘स्टाफ नर्स, आयसीयू’. हे दोन कागद शेजारी ठेवले की मनात पहिला प्रश्न पगाराचा येतो आणि तो यायलाच हवा. पण त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. रात्री अडीच वाजता पेशंटचा रक्तदाब कोसळला, डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात अडकलेत, तर या रुग्णालयात मला नेमकं काय काय करता येईल आणि ते कुठे लिहून ठेवलंय? याचं उत्तर ज्या रुग्णालयाकडे आहे, तिथे चार पैसे कमी मिळाले तरी तुमची पदवी वापरात राहते. जिथे नाही, तिथे दोन वर्षांत शिकलेलं पुढच्या दोन वर्षांत पुसलं जातं.

आधी आपल्याकडची चौकट समजून घेऊ, कारण यूट्यूबवर ‘नर्स प्रॅक्टिशनर करिअर’ शोधलं की बहुतेक व्हिडिओ अमेरिकेचे निघतात आणि तिथलं गणित इथे लागू होत नाही. अमेरिकेत ही संकल्पना १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केली. आज तिथल्या अनेक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतःच्या सहीने प्रिस्क्रिप्शन लिहितात. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षतेचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आणला तो २०१६ च्या सुमारास. बी.एस्सी. नर्सिंग, राज्य कौन्सिलची नोंदणी आणि किमान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव, शक्यतो अतिदक्षता विभागातला, ही प्रवेशाची अट. दर्जा एम.एस्सी.चा. वर्गातला वेळ कमी, बेडजवळचा खूप जास्त. पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि शारीरिक तपासणी हे विषय वरच्या पातळीवर शिकवले जातात आणि माझ्या मते कोर्सचा खरा कणा तोच आहे.

प्रिस्क्रिप्शनचा अधिकार मात्र पदवीसोबत येत नाही. औषधविषयक १९४५ च्या नियमांनुसार शेड्यूल एचमधलं औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि त्या व्याख्येत परिचारिका बसत नाही. म्हणून आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनर काम करते ती संस्थेच्या लेखी प्रोटोकॉलखाली. ठरावीक स्थितीत ठरावीक औषध सुरू करायचं, वेळ टाकून नोंद करायची, डॉक्टरला कळवायचं आणि त्यांची सही घ्यायची. प्रोटोकॉल नसेल तर त्याच औषधासाठी तुम्ही तोंडी ऑर्डरवर अवलंबून राहता आणि उद्या काही बिघडलं तर फाइलमध्ये तुमच्या बाजूने बोलणारं काही नसतं. इंडियन नर्सिंग कौन्सिल अ‍ॅक्ट १९४७ ची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशन अ‍ॅक्ट आला, त्यामुळे पुढे नोंदणीची आणि पदांची रचना बदलत जाईल. आज नोकरी धरताना मात्र हातातल्या कागदांवरच विसंबायचं.

प्रोटोकॉल म्हणजे नेमकं काय, हे एका औषधावरून दाखवते, कारण मुलाखतीत ‘तुमच्याकडे प्रोटोकॉल आहेत का’ असं विचारलं की सगळे ‘आहेत’ म्हणतात.

नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रक्तदाब वाढवणारं औषध घ्या. ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला ०.१ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिट द्यायचं तर मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम. पंपावर आकडा येतो ४.५ मिलिलिटर प्रतितास. आता शेजारच्या युनिटमध्ये तेच औषध ५० मिलिलिटरमध्ये ८ मिलिग्रॅम भरतात. पेशंट तिकडे हलवला, सिरिंज बदलली आणि पंपावरचा ४.५ तसाच राहिला, तर डोस सरळ दुप्पट. रक्तदाब दोनशेच्या पुढे उडतो आणि सगळे पेशंटमध्ये कारण शोधत बसतात. दुसरी गफलत अ‍ॅम्प्यूलवरच असते. नॉरअ‍ॅड्रेनलिन बायटार्ट्रेट (क्षाराच्या रूपातलं औषध) २ मिलिग्रॅम म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनलिन बेस (मूळ औषध) १ मिलिग्रॅम. एक नर्स बायटार्ट्रेटचा आकडा धरून भरते, दुसरी बेसचा. लेबल दोघींच्याही सिरिंजवर ‘४ मिलिग्रॅम’ असंच लागतं.

म्हणून खऱ्या प्रोटोकॉलमध्ये बेस की बायटार्ट्रेट ते लिहिलेलं असतं. किती मिलिलिटरमध्ये किती औषध, सुरुवातीचा डोस, मीन प्रेशर (सरासरी रक्तदाब) ६५ चं लक्ष्य, दर किती मिनिटांनी किती वाढवायचं, आणि कुठल्या डोसला पोहोचल्यावर डॉक्टरला उठवायचंच, हेही असतं. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) नसेल तर कुठल्या शिरेतून, किती वेळापर्यंत, आणि हात पांढरा पडला किंवा सुजला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, ते असतं. खाली तारीख, डॉक्टरची आणि नर्सिंग प्रमुखांची सही, आणि पुन्हा तपासणी कधी ते. मुलाखतीत एवढंच म्हणा: ‘तुमचा व्हॅसोप्रेसरचा, म्हणजे रक्तदाब वाढवणाऱ्या औषधांचा, प्रोटोकॉल बघायला मिळेल का?’ फाइल दोन मिनिटांत समोर आली तर युनिट जिवंत आहे. ‘सगळं सरांच्या डोक्यात आहे’ असं उत्तर आलं, तर सर रजेवर गेले की काय होईल याचा अंदाज तुम्हाला आला.

व्हेंटिलेटरचंही तसंच. १५५ सेंटिमीटर उंचीची, ७५ किलो वजनाची बाई आली. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाला द्यायची हवा, प्रत्यक्ष वजनावर ६ मिलिलिटर प्रतिकिलो काढला तर ४५० येतो. उंचीवरून काढलेलं वजन मात्र सुमारे ४८ किलो, म्हणजे योग्य आकडा २८५ ते २९० च्या आसपास. फुप्फुसं वजनाने वाढत नाहीत, ती उंचीप्रमाणे असतात. वजन वाढलं म्हणून हवा वाढवली की प्लॅटो प्रेशर (श्वास भरल्यावर फुप्फुसात राहणारा दाब) ३० च्या वर जातं आणि आधीच आजारी फुप्फुस आणखी फाटतं. भरतीच्या वेळी टेपने उंची मोजून ती बेडवर लिहून ठेवणं हे नर्स प्रॅक्टिशनरचं काम मी पहिल्या दिवसापासून मानते. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आता गोव्याकडे. आपलं राज्य लहान, त्यामुळे मोठी अतिदक्षता युनिटं बोटांवर मोजण्याइतकी. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापशाचं उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय, ज्याला जुनी माणसं अजून आझिलो म्हणतात, मडगावचं दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालय, आणि पणजी-दोनापावल, जुनं गोवं, मडगाव या पट्ट्यातली खासगी रुग्णालयं. सरकारी जाहिरात आली की आधी पदाचं नाव आणि सेवाभरती नियमांतली शैक्षणिक अट वाचा. नियमांत नर्स प्रॅक्टिशनर हे पद नसेल तर तुम्ही भरती होता त्या स्टाफ नर्स म्हणून, आणि बदली मेडिसिन वॉर्डात किंवा तालुक्याच्या केंद्रात होऊ शकते. त्यात कमीपणा काहीच नाही. सरकारी नोकरीची सुरक्षितता, रजा, घराजवळची बदली, या खऱ्या गोष्टी आहेत. फक्त ‘कोर्स केलाय म्हणजे आयसीयूच मिळेल’ हे गृहीत धरून अर्ज करू नका.

सरकारी अर्जाला लागणारे कागद आधी जमवून ठेवा. बहुतेक जाहिरातींत पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आणि कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास उत्तम, असं असतं. कोर्ससाठी वेल्लोर किंवा मंगळूरला दोन वर्षं राहून आलेल्यांनी मामलेदार कचेरीत रहिवासी दाखल्यासाठी कुठले पुरावे लागतात ते जाहिरातीआधीच विचारून घ्यावं. जाहिरातीची मुदत कमी असते आणि दाखला त्या मुदतीत मिळेलच असं नाही. एक्स्चेंजचं कार्ड नूतनीकरणाशिवाय पडून राहिलं, अशा कारणाने अर्ज बाद व्हावा याचं फार वाईट वाटतं.

खासगीत मुलाखत देताना पगारानंतर मी तरी हे विचारेन. अतिदक्षतेचा डॉक्टर चोवीस तास युनिटमध्ये असतो की फक्त फेरीला येतो? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक नर्स असते का, की एकीवर तीन पेशंट? एनएबीएच (रुग्णालयांच्या गुणवत्तेचं) मानांकन असेल तर परिचारिकांचं क्रेडेन्शियलिंग आणि प्रिव्हिलेजिंग करणं त्यांना बंधनकारक आहे, म्हणजे कुठली नर्स कुठली कामं स्वतः करू शकते याची लेखी यादी असते. ती यादी मागा. आर्टेरियल लाइन (धमनीतली नळी) टाकणं, एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) काढून अर्थ लावणं, ठरलेल्या मर्यादेत व्हेंटिलेटर सेटिंग बदलणं, एक्स्ट्यूबेशनपूर्वीची (श्वासनळीतली नळी काढण्याआधीची) चाचणी, यातलं काय काय तुमच्या नावापुढे येणार ते नेमणुकीआधी ठरवून घ्या. पदनाम बदलायला त्यांची तयारी नसेल, तर ‘स्टाफ नर्स’ ठेवूनही प्रिव्हिलेजची यादी जोडता येते. माझ्या दृष्टीने पदनामापेक्षा ती यादी मोलाची, कारण पुढच्या नोकरीत अनुभवाचा पुरावा म्हणून तीच दाखवता येते. रुग्णालयाच्या इन्डेम्निटी (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांच्या) विम्यात परिचारिका येतात का, तेही विचारा. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नका. बॉण्ड असला तरी तपासून परत घ्यायची आणि झेरॉक्सवर ‘फक्त नोकरीसाठी’ असं लिहून तारीख टाकायची.

शिकवण्याची वाटही आहे. बांबोळीची इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन आणि खासगी कॉलेजं इथे ट्यूटर-लेक्चररच्या जागा निघतात. जाहिरातीत अट ‘एम.एस्सी. मेडिकल-सर्जिकल’ अशी असेल तर तुमची पदवी त्यात धरली जाते का, हे कॉलेजला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. फोनवरच्या ‘चालेल हो’वर हातातली नोकरी सोडू नये. आणि पदवी मिळाल्या मिळाल्या शिकवायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. किमान तीन वर्षं बेडजवळ काढलेली बाई शिकवते तेव्हा विद्यार्थिनींना पडताळून बघता येतं.

दाईपणाच्या, म्हणजे मिडवायफरीच्या वाटेविषयी मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण गोव्यात तिची गरज आहे आणि चर्चा कमी होते. आपल्याकडे जवळपास सगळी बाळंतपणं रुग्णालयात होतात, ही चांगली बाजू. दुसरी बाजू अशी, की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातली ३९.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसली, दहातली चार. यातली काही निश्चितच गरजेची. पण धोका नसलेल्या पहिलटकरणीजवळ पूर्ण वेळ बसणारं प्रशिक्षित माणूस नसलं की कळा मंद झाल्याबरोबर घाई सुरू होते, हेही खरं.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवायफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ हा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी., नोंदणी, आणि बाळंतपणं करण्याचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. काम असतं मिडवाइफच्या नेतृत्वाखालच्या कक्षात, धोका नसलेल्या गरोदर बायकांसोबत. त्याआधी २०१७ मध्ये तेलंगणाने करीमनगरला असाच अठरा महिन्यांचा वर्ग सुरू केला होता. ही भूमिका मला अतिदक्षतेपेक्षा जास्त स्वच्छ वाटते, कारण मिडवाइफने काय करायचं आणि कुठे थांबून डॉक्टरकडे सोपवायचं याची सीमा कागदावर ठरलेली आहे.

तिचं कौशल्य वाट पाहण्यात आहे आणि वाट पाहायलाही शिकावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइडमध्ये सक्रिय प्रसूती गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून धरली जाते. जुन्या पार्टोग्राफची (प्रसूतीच्या प्रगतीच्या तक्त्याची) सवय असलेली नर्स ४ सेंटिमीटरवरच घड्याळ लावते, दोन तासांत ‘प्रगती नाही’ असं लिहिते, आणि तिथून कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन, मग बाळाचे ठोके, मग ऑपरेशन थिएटर अशी साखळी सुरू होते. चालू देणं, कुशीवर किंवा उकिडवं बसू देणं, नाळ एक ते तीन मिनिटांनी कापणं, या गोष्टी पुस्तकात सोप्या दिसतात आणि गर्दीच्या लेबर रूममध्ये टिकवायला कठीण जातात. दुसरीकडे रक्तस्राव ५०० मिलिलिटरच्या पुढे गेला की क्षणाचाही धीर नको. बाळ बाहेर येताच १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत गेलेलं असायला हवं, गर्भाशय चोळत मदत बोलवायची, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम बाळंतपणापासून तीन तासांच्या आत. रक्त डोळ्यांनी मोजणं हीच सगळ्यात मोठी चूक. अंदाज नेहमी कमीच येतो. मोजपट्टी असलेली पिशवी खाली लावा, नाहीतर भिजलेले कपडे वजनकाट्यावर ठेवा.

आयसीयूचा कंटाळा आला म्हणून इकडे येऊ नये. ज्या नर्सला बाळंतिणीच्या डोक्यावर हात ठेवून सहा तास बसवतं, तिच्यासाठी ही वाट आहे. तुम्ही सरकारी सेवेत असाल आणि लेबर रूममधला अनुभव असेल, तर प्रशिक्षणासाठी नावं मागवली जातात का हे जिल्हा प्रशिक्षण विभागात विचारत राहा. अनुभवाच्या प्रमाणपत्रात ‘लेबर रूम’ हे शब्द आणि तारखा असल्या पाहिजेत. नुसत्या ‘मॅटर्निटी वॉर्ड’ने भागत नाही.

तिसरी वाट उपकेंद्राची. आयुष्मान आरोग्य मंदिरात कम्युनिटी हेल्थ ऑफिसर म्हणून काम. यासाठी सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा कोर्स आहे आणि नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात तो सामावून घेतलाय. सुमारे पाच हजार लोकसंख्या, डोंगराळ भागात तीन हजार. बीपी, साखर, तोंडाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरशी सल्ला. सत्तरी, सांगे, काणकोण इथल्या वाड्यांवर या कामाचा उपयोग रोज डोळ्यांना दिसतो. अडचण करारनाम्याची: मुदत, पगाराचा ठरलेला भाग किती आणि कामगिरीवर अवलंबून असलेला किती, हे वेगवेगळं वाचा. नॅशनल मेडिकल कमिशन अ‍ॅक्ट २०१९ च्या कलम ३२ मध्ये अशा सेवकांना मर्यादित परवान्याची तरतूद आहे, पण तेवढ्यावर विसंबून आज कुणी चिठ्ठी लिहू नये. दूरच्या केंद्रात एक कौशल्य मात्र सोन्याचं, ते म्हणजे ईसीजी. छातीत दुखणारा माणूस आला की दहा मिनिटांच्या आत तो काढायचा. स्टेमी गोवा या हृदयविकाराच्या झटक्यावरच्या प्रकल्पात तालुक्याच्या केंद्रातला ईसीजी गोमेकॉच्या हृदयरोग विभागाकडे जातो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन केंद्रातच देता येतं. ईसीजीला उशीर म्हणजे हृदयाच्या स्नायूचा तेवढा तुकडा गेला. घामाने पॅड चिकटत नाहीत, केस असतात, हातांचे लीड अदलाबदल होतात. आधी पुसून कोरडं करा, आणि पहिल्या लीडमध्ये सगळंच उलटं दिसलं तर हातांच्या वायरी तपासा.

छोट्या सर्टिफिकेटांवर पैसे किती घालायचे? बीएलएस आणि एसीएलएस, म्हणजे हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याची मूलभूत आणि पुढची प्रशिक्षणं, आवश्यक. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं, म्हणून नोकरीच्या मुलाखतीच्या आसपास करा. पदवीच्या पहिल्या वर्षात केलेलं कार्ड पदवी मिळेपर्यंत संपलेलं असतं. मुलांच्या युनिटमध्ये जायचं असेल तर पीएएलएस, नवजात विभागात एनआरपी. बाकी ‘इंटरनॅशनल’ शब्द लावलेली आठवड्याची ऑनलाइन प्रमाणपत्रं बायोडेटात जागा खातात. त्याऐवजी नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत लागणारे १५० तास सतत शिक्षणाचे भरतात का ते बघा, आणि तुमचं नाव राष्ट्रीय नोंदवहीत, युनिक आयडीसह, बरोबर चढलंय का तेही. वरची पदवी कौन्सिलकडे अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवून घ्यायला बऱ्याच जणी विसरतात. सीसीआरएन हे अमेरिकन अतिदक्षता प्रमाणपत्र नावाजलेलं आहे, पण त्याच्या दोन वर्षांच्या पर्यायात १,७५० तास गंभीर आजारी पेशंटची थेट शुश्रूषा लागते. नव्या माणसाने त्याचं पुस्तक वाचावं; परीक्षा नंतर.

आणि बाहेरदेश. गोव्यात हा विषय प्रत्येक घरात निघतो, म्हणून सरळ सांगते. भारतात मिळवलेली नर्स प्रॅक्टिशनर पदवी अमेरिकेत त्या नावाने चालत नाही. तिथल्या एएनसीसी किंवा एएएनपी या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या परीक्षेला बसायचं तर तिथल्याच मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून शिकलेलं असावं लागतं. जाता येतं ते नोंदणीकृत नर्स म्हणून: कागदपत्रांचं मूल्यमापन, एनक्लेक्स ही परवाना परीक्षा, मग व्हिसा. एनक्लेक्समध्ये किमान ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, पाच तास. फी २०० डॉलर, आणि भारतात परीक्षा दिली तर वर १५० डॉलर व कर. आपल्याला जवळचं केंद्र मुंबई किंवा बंगळूर. खरी अडचण रांगेची. ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या प्रवर्गात भारताची तारीख दहा वर्षांहून जास्त मागे आहे आणि ही रांग जन्माच्या देशावर ठरते. पोर्तुगीज पासपोर्ट काढला तरी जन्म गोव्यातला असेल तर रांग भारताचीच.

ब्रिटनलाही आता तेच. पोर्तुगीज पासपोर्टवर सरळ जाऊन राहायची सोय ३१ डिसेंबर २०२० ला संपली. त्यानंतर जाणाऱ्याला व्हिसा लागतो. नर्स म्हणून नोंदणीला पासपोर्टचा रंग कधीच कामाचा नव्हता. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत लेखनात ६.५, बाकी तिन्हींत ७, किंवा ओईटीमध्ये बी आणि लेखनात सी प्लस. मग सीबीटी ही संगणकावरची परीक्षा: अंकगणिताचे १५ प्रश्न अर्ध्या तासात, नर्सिंगचे १०० प्रश्न अडीच तासांत. तिथे पोहोचल्यावर दहा स्टेशनांची ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिशनर’ व्हायचं तर तिथे काम करता करता मास्टर्स पातळीचं शिक्षण आणि प्रिस्क्रायबिंगची वेगळी पात्रता. तुमचं इथलं शिक्षण तिथे तयारी म्हणून कामी येतं, अधिकार म्हणून नाही. ऑस्ट्रेलियात नर्स प्रॅक्टिशनरचं एन्डोर्समेंट (नोंदणीवरची मान्यता) मिळवायला गेल्या सहा वर्षांत वरच्या पातळीवरच्या कामाचे ५,००० तास लागतात. हे आकडे बघून ठरवा, की इथे दोन वर्षं घालवून मग जायचं की बी.एस्सी. आणि दोन वर्षांच्या चांगल्या आयसीयू अनुभवावरच निघायचं. फक्त परदेशच मनात असेल तर दुसरी वाट स्वस्त आणि लवकरची आहे. पासपोर्ट बदलायच्या आधी आणखी एक: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या) कार्डावर सरकारी नोकरीचा हक्क राहत नाही. परत येऊन गोमेकॉत लागायचा विचार असेल तर हे आजच तोलून बघा.

आखातासाठी २०१५ पासून ईसीआर यादीतल्या (स्थलांतराची मंजुरी लागणाऱ्या) १८ देशांत जाणाऱ्या नर्सना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरची मंजुरी लागते आणि भरती प्रामुख्याने ठरावीक सरकारी संस्थांमार्फत होते. नोंदणीकृत एजंटला सेवा शुल्क ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. लाखांत आकडा सांगणाऱ्यासमोरून उठून यायचं.

आता कागद, कारण जास्तीत जास्त अर्ज तिथेच अडकतात. डेटाफ्लोसारखी पडताळणी करणाऱ्या संस्था विद्यापीठाला, कौन्सिलला आणि जुन्या रुग्णालयाला थेट विचारतात. लहान नर्सिंग होम बंद पडलं तर तिथली दोन वर्षं सिद्ध करता येत नाहीत, म्हणून नोकरी सोडताना लेटरहेडवर पदनाम, विभाग, रुजू आणि कार्यमुक्त तारखा, बेडसंख्या, हे सगळं घ्या. पगाराच्या पावत्या आणि बँकेच्या नोंदी जपा. आणि नाव. आपल्याकडे नाईक, देसाई, कामत अशी साधी आडनावंही रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. लग्नानंतर चौथं. देसाईत एक ‘एस’ की दोन, एवढ्यावरून पडताळणी परत येते. दुरुस्ती करायची तर जन्मदाखल्यापासून सुरुवात करा, मग शाळा, विद्यापीठ, कौन्सिल आणि पासपोर्ट सगळ्यांत शेवटी. उलट्या क्रमाने केलं तर प्रत्येक कचेरी तुम्हाला मागच्या कचेरीत पाठवते. गोवा विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट मागतानाच सीलबंद प्रती दोन-तीन जास्त घ्या, म्हणजे पुन्हा ताळगावच्या पठारावर खेप पडत नाही.

कोर्स अजून चालू असेल तर आजच लॉगबुक उघडून बघा. प्रत्येक प्रोसिजरसमोर तारीख, पेशंटचा क्रमांक, तुम्ही बघितली, मदत केली की स्वतः केली, आणि देखरेख करणाऱ्या डॉक्टरची सही व शिक्का. शिक्का नसलेली सही दोन वर्षांनी कुणाची ते कुणालाच ओळखू येत नाही. डॉक्टर बदलून जायच्या आत राहिलेल्या सह्या घ्या, सगळी पानं स्कॅन करून स्वतःला ईमेल करा, आणि मूळ वही घरी कपाटात ठेवा.